घर बांधताना कोणाला विचारलंत?

(न्यू जर्सीतल्या आपल्या एका सभासद मैत्रिणीने या वर्षीच्या हिवाळी बैठकीत दिलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. त्या व्यवसायाने आर्किटेक्ट असून गेली तीसहून अधिक वर्षं इथे राहत्या घरांची कामं करतात. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी हे भाषण थोडं आटोपशीर करून पाठवत आहोत. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय "माझी कारकीर्द, माझी प्रेरणास्थानं आणि घराच्या रचनेचा माझा विचार". आमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी विमानतळ बांधलेला नाही, म्युझियम बांधलेलं नाही. मी आयुष्यभर स्वयंपाकघरं, बाथरूम, जिने आणि चपला ठेवायच्या जागा केल्या. पलीकडून उत्तर आलं, "मग त्याबद्दलच बोला." तेव्हा मी त्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्यात माझ्या दोन मोठ्या चुकाही सांगणार आहे.

गावचं घर

माझा जन्म संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातला. वडील शाळामास्तर. घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या, जमीन शेणाने सारवलेली. पुढे खळं, म्हणजे अंगण. मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी, न्हाणी आणि विहीर. तुमच्यापैकी अनेकांच्या आठवणीत असं एक घर असेल. अमेरिकेत आल्यावर आपण त्या घराबद्दल फार हळवे होतो. मीही होते. कॉलेजात मी त्याचा नकाशा काढून त्याला वारा कसा मिळतो, पाऊस कसा झेपतो, सावली कुठे पडते, हे मोठ्या अभिमानाने वर्गाला समजावून सांगितलं होतं. ते सगळं खरंच होतं.

पण त्याच नकाशात आणखी काही होतं आणि ते दिसायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या शेतीवर येणारे एक काका होते. काका आम्ही पोरं म्हणायचो, घरातले मोठे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचे. ते खळ्यापर्यंत यायचे, पडवीच्या पायरीला टेकायचे, त्याच्यापुढे कधी आले नाहीत. त्यांचा पाण्याचा पेला वेगळा, पडवीच्या वाशात खोचून ठेवलेला. गावातले इतर काही जण ओटीपर्यंत यायचे. नातेवाईक माजघरापर्यंत. स्वयंपाकघरात आणखी मोजके. आणि आई महिन्यातले तीन दिवस मागच्या पडवीत, एका गोणपाटावर. म्हणजे पुढून मागे जाणारी ती खोल्यांची रांग फक्त ऊन-वाऱ्यासाठी नव्हती. कोणी कुठपर्यंत यायचं, याचा तो नकाशा होता. प्रत्येक उंबरठा हा एक नियम होता.

हे मी घराला शिव्या घालायला सांगत नाहीये. ते घर सुंदर होतं. पण सुंदर घरात अन्याय राहू शकतो आणि तो भिंतींच्या रूपाने राहतो. माणसं बदलली तरी भिंत तशीच उभी असते.

आणखी एक गोष्ट. १९७०च्या दशकात आमच्याकडे चूल जाऊन गॅस आला आणि उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बांधला. गवंड्याने नेहमीच्या मापाने बांधला. वडील शेजारी उभं राहून सूचना देत होते. माझी आई चार फूट दहा इंच. तिला त्या ओट्यावर पोळी लाटता येईना. मग तिने खाली पाट ठेवला आणि पुढची तीस वर्षं ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती. बांधताना कोणी तिला ओट्यापाशी उभी करून कोपर कुठे येतं ते बघितलं नाही, आणि तिलाही वाटलं नाही की हे सांगायचं असतं.

सहा बाय पाचची खोली

१९७८ साली मी मुंबईला जे.जे.ला आर्किटेक्चरला गेले. पाच वर्षं तिथे काढली आणि १९८३ साली एका ऑफिसात लागले. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. तिथे मला बिल्डरांच्या फ्लॅट्सची ड्रॉइंग्ज काढायला दिली. तीन बेडरूमचा मोठा फ्लॅट, समुद्राकडे बाल्कनी. आणि स्वयंपाकघराच्या मागे सहा फूट बाय पाच फुटांची एक खोली. ड्रॉइंगवर तिचं नाव "सर्व्हंट". तिला खिडकी नाही. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर.

मी साहेबांना विचारलं, "या खोलीत झोपणार कसं?" ते म्हणाले, "तिरकं." सगळे हसले. मीही हसले. आणि मी ते ड्रॉइंग पूर्ण केलं. त्या इमारतीत वीस मजले होते. म्हणजे माझ्या हाताने काढलेल्या अशा वीस खोल्या मुंबईत आहेत. ही माझी पहिली चूक. त्या वयात नोकरी सोडून द्यायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण निदान एक खिडकी मागायला हवी होती. बाहेरची भिंत होती, खिडकी बसली असती.

बेकर

त्याच सुमारास एका मैत्रिणीने मला लॉरी बेकर यांची एक पुस्तिका दिली. हाताने काढलेली चित्रं, हाताने लिहिलेली अक्षरं. घर स्वस्तात कसं बांधावं हे त्यात असं सांगितलं होतं की आठवी शिकलेल्या माणसालाही कळावं. १९८६ साली आम्ही चौघी-पाचजणी रजा काढून तिरुवनंतपुरमला गेलो, केवळ त्यांची घरं बघायला.

बेकरांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा इंग्रज माणूस. क्वेकर पंथाचा, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र न घेता रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये काम केलं. इंग्लंडला परतताना बोटीची वाट बघत ते काही महिने मुंबईत अडकले आणि तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराला लागणारं सामान त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर धरून ठेवला. १९४५ साली ते भारतात परत आले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे आर्किटेक्ट म्हणून. मग केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी लग्न, हिमालयात पिठोरागडला पंधरा-सोळा वर्षं, आणि नंतर केरळ. पुढे ते भारताचे नागरिक झाले, १९९० साली पद्मश्री मिळाली, आणि १ एप्रिल २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरमलाच गेले.

त्यांचं काम मी तुम्हाला दोन उदाहरणांत सांगते. एक, वीट. आपण नऊ इंची भिंत बांधताना विटा आडव्या ठेवतो. बेकर त्या कडेवर उभ्या ठेवायचे, म्हणजे भिंतीच्या आत पोकळी राहते. याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. विटा साधारण पाव भाग वाचतात आणि पोकळीमुळे घर कमी तापतं. दुसरं, स्लॅब. काँक्रीटच्या स्लॅबच्या खालच्या भागातलं बरंच काँक्रीट खरं म्हणजे काही वजन पेलत नाही, ताण सळ्या घेतात. मग तिथे बेकरांनी टाकाऊ मंगलोरी कौलं बसवली. सिमेंट कमी, वजन कमी, आणि खालून बघितलं तर छताला सुंदर नक्षी. प्लास्टर नाही. खिडकीच्या महागड्या लाकडी चौकटीऐवजी विटांची जाळी. जागेवर झाड असेल तर भिंत वळवायची, झाड तोडायचं नाही.

पण मला खरी शिकवण मिळाली ती त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीतून. ते ऑफिसात बसत नसत. जागेवर जायचे, गवंड्यांबरोबर उभे राहायचे, मिळेल त्या जुन्या कागदाच्या पाठीवर रेघा मारायचे. कारकून, शिक्षक, मच्छीमार अशा लोकांची घरं त्यांनी केली आणि ती घरं कुठेही "गरिबांची घरं" म्हणून केलेली वाटली नाहीत. तिथून परतीच्या गाडीत मी ठरवलं की आपण राहती घरंच करायची.

किल्लारी आणि बेलापूर

१९८९ साली लग्नानंतर मी इथे आले. पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात, मग लायसन्सच्या परीक्षा, मग घराच्या बेसमेंटमध्ये स्वतःचं काम. आणि त्याच काळात ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही अंदाज त्याहून मोठे आहेत. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा इथे निधी जमवला होता, मला आठवतंय.

माणसं भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त मारली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाडजूड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा एकसंध दगड नाही, कोपरे बांधलेले नाहीत. हादरा बसल्यावर भिंत दोन्हीकडे फुटली आणि छत खाली आलं. दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा आणि वजनाचा होता.

१९९६ साली भारतात गेले तेव्हा दोन दिवस त्या भागात फिरले. पुनर्वसनाचं काम प्रचंड होतं आणि ते मोठ्या जिद्दीने झालं, हे आधी सांगते. नव्या गावांतली घरं तीन मापांची होती, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कुठलं मिळणार हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीनाला २५०, मोठ्या जमीनदाराला ७५०. म्हणजे सगळं गाव जमीनदोस्त झाल्यावर, सगळ्यांनी सारखंच गमावल्यावर, कागदावर पहिली गोष्ट परत उभी राहिली ती उतरंड. माझ्या गावच्या घरातली पायरी मला तिथे पुन्हा दिसली.

आणि सरळ रेषेतले रस्ते, दोन्हीकडे ओळीने घरं. गुरं कुठे बांधायची, कणगी कुठे ठेवायची, दुपारी बायकांनी धान्य निवडायला कुठे बसायचं, हे नकाशात नव्हतं. त्याला अपवादही होते. बाणेगाव हे गाव 'मल्याळ मनोरमा' वृत्तपत्राने उभं केलं आणि त्याचा आराखडा बेकरांचा होता. आणि ज्या हजाराहून जास्त गावांत घरं पाडून नवी न बांधता आहे तीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्या महिला मंडळांना कामात घेतलं. भिंतीत जोडदगड कुठे घालायचा, हे बायका शेजारणीला समजावून सांगायला लागल्या. घर कसं बांधायचं हे ज्यांना कधी विचारलं गेलं नव्हतं, त्यांच्याच हातात ती माहिती आली. मला वाटतं, त्या सगळ्या दुःखातली ही एक मोलाची गोष्ट होती.

दुसरं उदाहरण नवी मुंबईतलं आहे. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत केली. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे आले की ज्याला त्याला घर वाढवता येईल. आणि प्लॉट साधारण ४५ ते ७० चौरस मीटर. उत्पन्नात कितीही फरक असला तरी जमिनीत फार फरक ठेवायचा नाही, हा त्यांचा विचार. आज तिथे गेलात तर मूळ घरं थोडीच दिसतील, बाकीच्यांनी पाडून-वाढवून बदलली आहेत. काही लोक म्हणतात, वाट लागली. मला तसं वाटत नाही. लोकांनी वाढवावं म्हणूनच ती तशी आखली होती.

आईची खोली

आता माझी दुसरी चूक. वडील गेल्यावर २००५ साली आई माझ्याकडे राहायला आली. मी ठरवलं, आईसाठी आपल्या हाताने खोली बांधायची. तोपर्यंत मी कितीतरी मराठी कुटुंबांच्या घरांत बघितलं होतं की आईवडील वरच्या मजल्यावरच्या गेस्ट रूममध्ये, जिन्याची चौदा पावलं त्यांना जमत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या व्हिसातले पाच महिने ते टीव्हीसमोर काढतात.

या देशात याबद्दल चांगला विचार झालेला आहे. अटलांटाच्या एलिनॉर स्मिथ, ज्या स्वतः व्हीलचेअर वापरायच्या, त्यांनी १९८७ साली 'काँक्रीट चेंज' ही चळवळ सुरू केली. त्यांचं मागणं अगदी साधं. प्रत्येक नव्या घराला निदान एक दार पायरी नसलेलं असावं, आतली दारं व्हीलचेअर जाईल इतकी, म्हणजे ३२ इंच मोकळी असावीत, आणि तळमजल्यावर एक टॉयलेट असावं. घर बांधतानाच केलं तर याला फारसा खर्च येत नाही. नंतर तोडफोड करून करायचं तर हजारो डॉलर जातात.

तेव्हा मी आईची खोली तळमजल्यावर केली. रुंद दार, पायरी नाही, बाथरूममध्ये धरायला दांडे, आणि भिंतीत ते दांडे पेलायला आधीच लाकूड घातलेलं. घराच्या मागच्या बाजूला, शांत, मोठी खिडकी, समोर मेपलची झाडं. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, नशीबवान आहेत तुमच्या आई.

पहिल्या आठवड्यापासून आई रोज सकाळी त्या खोलीतली खुर्ची उचलायची आणि ओढत ओढत पुढे न्यायची. पुढच्या दाराशेजारी एक अरुंद, फूटभर रुंदीची काच होती. त्या काचेपाशी ती बसायची. मी दोनदा खुर्ची परत नेऊन ठेवली. मला वाटलं, तिला मागच्या खोलीत थंडी वाजते. हीटरही लावून दिला. तिसऱ्यांदा मी वैतागून विचारलं, "आई, तुला ती खोली आवडत नाही का?"

ती म्हणाली, "खोली छान आहे गं. पण तिकडे कोणी जात-येत नाही."

मंडळी, मी आर्किटेक्ट. मी तिची उंची मोजली होती, दाराची रुंदी मोजली होती, तिचे गुडघे लक्षात घेतले होते. तिला मी विचारलं नव्हतं. सगळं आयुष्य ज्या बाईने ओटीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "काय, कुठे निघालात?" विचारलं, तिला मी झाडं दिली. मला स्वतःला शांतता हवी होती, खासगीपण हवं होतं. ते मी तिच्या खोलीत बांधलं. वडिलांनी ओट्याचं जे केलं तेच मी केलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही घराच्या पुढे आठ फूट खोलीचा पोर्च बांधला. आठ फूट मुद्दाम सांगते, कारण चार फुटांचा पोर्च नुसता शोभेचा असतो, त्यावर खुर्ची टाकून पाय लांब करता येत नाहीत. आई तिथे बसायला लागली. टपालवाला, कुत्रा फिरवणारे, शाळेच्या बसमधून उतरणारी पोरं. तिला इंग्रजी येत नव्हतं. दोन महिन्यांत मला सोळा वर्षांत माहीत नव्हते इतके शेजारी तिला माहीत झाले. २०१३ साली ती गेली, तेव्हा दाराशी एवढी माणसं आली की आम्हाला खुर्च्या पुरल्या नाहीत.

मी काम कसं करते

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. नवीन क्लायंट आले की पहिल्या भेटीत मी पेन्सिल काढत नाही. ते सध्या राहतात त्या घरात मी एक अख्खा दिवस काढते. सकाळी कोण पहिलं उठतं, चहा कुठे घेतला जातो, चपला कुठे साठतात, भांडण झालं की कोण कुठल्या खोलीत जातं. आणि घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलते. आजींशी, आठ वर्षांच्या मुलाशी, आणि साफसफाईला येणारी बाई असेल तर तिच्याशीसुद्धा. खरं सांगते, घराबद्दलची सगळ्यात उपयोगी माहिती मला तिच्याकडून मिळते. शॉवरची उभी काच पुसायला किती वेळ लागतो, हे ती मालकिणीपेक्षा जास्त जाणते.

स्वयंपाकघराबद्दल थोडं. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं, पण प्रत्येक डबा, प्रत्येक फळी हाताशी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजचं आपलं मॉड्युलर किचन त्याचंच नातवंड. बायकांचे श्रम वाचावेत हा हेतू होता आणि ते वाचलेही. पण त्यात एकच माणूस मावायचा. म्हणजे काम सोपं झालं, पण करणारी एकटी पडली. आणि बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं की ते आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता!

माझा नियम असा की स्वयंपाकघरात दोघांना एकमेकांना धक्का न लावता काम करता आलं पाहिजे. नाहीतर नवरा मदत करत नाही याचं खापर निम्मं आर्किटेक्टवर फोडा. ओट्याची उंची ठरवायला मी काम करणाऱ्याला उभं करते आणि कोपराच्या तीन-चार इंच खाली खूण करते. इथलं ठरलेलं माप ३६ इंच आहे. पण एक तुकडा ३२चा ठेवायला कोणी अडवत नाही. पोळ्या लाटायला तोच लागतो. आणि फोडणी देणाऱ्या घरात हुडची हवा नळीने थेट बाहेर गेली पाहिजे, गाळून परत घरात सोडणारा हुड निव्वळ देखावा असतो. मोठा हुड घेतलात, ४०० सीएफएमच्या वरचा, तर बाहेरून ताजी हवा आत यायची सोयही कोडप्रमाणे करावी लागू शकते, हे कंत्राटदाराला विचारा.

मग येतो आकार. अमेरिकेत १९७३ साली नवीन घर सरासरी १,६६० चौरस फुटांचं असायचं. २०१५ साली ते २,६०० च्या वर गेलं. घरातली माणसं मात्र कमी झाली. आपली मंडळी यात मागे नाहीत. दोन मजली उंचीचा दिवाणखाना, ज्यात कोणी बसत नाही. तो गरम करायला जानेवारीत किती गॅस जळतो ते बिलावर बघा. मी क्लायंटना एक प्रश्न विचारते, "या खोलीत मागच्या मंगळवारी कोण होतं?" उत्तर आलं नाही तर ती खोली नकाशातून जाते. तेच पैसे चांगल्या खिडक्यांना आणि इन्सुलेशनला लावा.

आणि वास्तुशास्त्र. मला माहीत होतं, तुम्ही वाट बघताय! आपल्या या व्यासपीठावर त्याची टिंगल करणं सोपं आहे. मी क्लायंटची टिंगल करत नाही. पण सूर्य दाखवते. पुण्यात उन्हाळ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. इथे न्यू जर्सीत डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो, आणि जूनमध्ये ७३ अंश. म्हणजे इथे दक्षिणेला मोठ्या खिडक्या आणि वर बेताचं छज्जं केलंत, तर हिवाळ्यात ऊन थेट घरात येतं आणि उन्हाळ्यात बाहेरच अडतं. फुकटची ऊब. दक्षिण वाईट म्हणून ती भिंत बंद करणं म्हणजे ही ऊब नाकारणं.

तरी काही जण अडून बसतात. मग मी विचारते, "तुम्हाला कशाची काळजी वाटतेय?" आणि खूपदा दारामागे काहीतरी वेगळंच निघतं. नोकरी गेलेली असते, मूल आजारी असतं, व्हिसा अडकलेला असतो. त्या माणसाला दिशा बदलायची नसते, त्याला कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. ऐकून घेतलं की अर्ध्या वेळा जिना तोडावा लागत नाही.

जाता जाता

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं पुण्यात, ठाण्यात, नाशकात एक घर आहे, कुलूप लावलेलं. २०११च्या जनगणनेत भारतात सुमारे अडीच कोटी घरं रिकामी होती, आणि त्याच शहरांत माणसं फूटपाथवर होती. तुमचं घर काढून टाका असं सांगायचा मला अधिकार नाही. पण ते भाड्याने द्या, एखाद्या विद्यार्थिनीला राहायला द्या, त्यात दिवा लागू द्या. न राहिलेल्या घराला दुरुस्तीही जास्त लागते, हे तर नुसतं व्यवहाराचं बोलणं झालं.

आमचं गावचं घर दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलं. भावाला पाडून स्लॅब टाकायचा होता. कौलं ठेवायची यावर शेवटी एकमत झालं. मागची पडवी आता उघडी, उजेडाची अभ्यासाची जागा झाली आहे. वहिनीला उभी करून ओट्याची खूण केली. ती लाजत होती, म्हणत होती, "ताई, कितीही चालेल हो." मी म्हटलं, नाही चालणार. आई तीस वर्षं पाटावर उभी होती.

तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना घर बांधायचंय, वाढवायचंय किंवा नुसता रंग द्यायचाय, त्यांना माझं एवढंच सांगणं. नकाशावर सही करायच्या आधी घरातल्या माणसांची यादी करा. त्यातलं कोण आत्तापर्यंत एक शब्दही बोललेलं नाही, ते बघा. आणि आर्किटेक्टला आधी त्यांच्याकडे पाठवा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि चहा थंड व्हायच्या आत घेऊया.